इंचभर कमी

विद्यापीठाच्या सुतारकाम विभागात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी काय करायला देतात, तर चार ठोकळे. एक इंच लांब, एक इंच रुंद, एक इंच उंच, आणि सहाही बाजू काटकोनात. दिसायला खेळण्यातले, करायला महाकठीण. चारही एकमेकांवर रचायचे, टेबलाला हलकासा धक्का द्यायचा. मनोरा उभा राहिला की माणूस पुढच्या धड्याला मोकळा, पडला की पुन्हा करवत हातात. कुणी दोन दिवसांत सुटलं, कुणी तीन आठवडे तिथेच घासत बसलं. शेहेचाळीस वर्षं हाच शिरस्ता. ठोकळा एक इंचाचाच का, दीड इंचाचा का नाही, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही. विद्यापीठात प्रश्न विचारायला शिकवतात असं ऐकते. असेल बुवा.

हा शिरस्ता सांभाळणाऱ्या बाईला सगळे गुण्याबाई म्हणत. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं पोलादी हत्यार. बाईंना ते लागायचंच नाही, त्यांचा डोळाच गुण्या. दारातून आत पाऊल टाकताना सांगायच्या, तिसऱ्या बाकावरची चौकट डावीकडे झुकली आहे. मग तिसऱ्या बाकावरचा पोरगा पैज लावायचा, गुण्या लावून बघायचा, आणि गपचूप चौकट सोडवायला घ्यायचा. एकदा एक बडे पाहुणे विभाग बघायला आले. ते बोलत होते, बाई ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता बाईंनी हात पुढे करून त्यांचा नाकावर तिरका बसलेला चष्मा सरळ केला. पाहुणे थांबले. बाई म्हणाल्या, "हां, आता बोला."

त्या बाईंच्या तोंडावर आम्ही नुसतं बाई म्हणायचो. त्या मला पुढारीण म्हणायच्या. मी कर्मचारी संघटनेची सचिव, माझं शिक्षण सातवी आणि पुढचं सगळं रस्त्यावर. बाईंची नि माझी गाठ पडली ती त्यांच्या पदाच्या नावावरून. बावीस वर्षं त्या विभागात शिकवत होत्या आणि कागदोपत्री त्या होत्या 'भांडार मदतनीस'. विभागप्रमुखाची जागा रिकामी. तिथे दुसऱ्याच कुठल्या विभागाचे एक प्राध्यापक प्रभारी म्हणून नेमलेले. ते आठवड्यातून एकदा यायचे, सही करायचे, आणि कोटाला भुसा लागू नये म्हणून दारातूनच परत फिरायचे. मी बाईंच्या पदासाठी अकरा पत्रं लिहिली. अकराही पत्रांना 'विचाराधीन' असं उत्तर आलं. माझ्या डोक्यात तिडीक जायची. बाई म्हणायच्या, "पुढारीणबाई, पातं तापलं की धार जाते. जरा थंड घ्या."

त्या तिथे लागल्या तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि हातात झाडू होता. काम एवढंच, की दिवसभराचा भुसा आणि ढलप्या गोळा करून पोत्यात भरायच्या. ढलपी म्हणजे रंध्यातून निघणारी लाकडाची पातळ गुंडाळी. विभागाचे संस्थापक, ज्यांना सगळे थोरले मास्तर म्हणत, त्यांनी एक दिवस पाहिलं की ही नवी बाई दोन वेगवेगळी पोती भरते आहे. त्यांनी विचारलं, दोन कशाला. बाई म्हणाल्या, "ह्या पोत्यात लांब निघालेल्या आहेत, त्यांच्या रंध्याला धार आहे. ह्यात तुटक्या, त्यांचं पातं बोथट. आणि तो शेवटून दुसरा तर धार लावतच नाही, नुसता रेटतो."

मास्तर शेवटून दुसऱ्या बाकाकडे गेले, रंधा उलटा केला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि तो रंधा त्या मुलाच्या हातून काढून घेतला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तोच रंधा बाईंच्या हातात आला. तिथून पुढे रोज जेवणाची सुट्टी. अर्धा तास डबा आणि अर्धा तास लाकूड असं ठरलं होतं, पण डबा पाच मिनिटांत उरकायचा. चार ठोकळ्यांना त्यांना सतरा दिवस लागले. अठराव्या दिवशी मास्तरांनी टेबलाला धक्का दिला, मनोरा हलला नाही, तर मास्तरांनी आणखी जोरात दिला. तरी हलला नाही. मास्तर म्हणाले, "ठीक आहे," आणि डबा उघडला. त्यांच्याकडून 'ठीक आहे' म्हणजे पदवीदान समारंभच.

हे थोरले मास्तर विद्यापीठात आले ते तीन महिन्यांसाठी. विद्यापीठ नवं होतं, इमारती उभ्या राहिल्या होत्या, खुर्च्या बाजारातून आल्या होत्या आणि परीक्षेच्या दालनात टेबलंच नव्हती. चाळीस टेबलं करा आणि जा, असं काम. इमारतींच्या मागे एक लांब पत्र्याची शेड होती, तिथे त्यांनी हत्यारं मांडली. करवतीचा आवाज ऐकून मुलं खिडकीशी जमायला लागली. एक आत आला, म्हणाला मी जरा बघू का ओढून. मग सहाजण आले. पहिल्या कुलगुरूंनी एक दिवस फेरी मारताना बघितलं, की आपली मुलं पेन सोडून दुसरंही काही हातात धरू शकतात. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी विभागच काढला. तीन महिन्यांची चोवीस वर्षं झाली. विद्यापीठातलं प्रत्येक टेबल, प्रत्येक कपाट ह्या शेडमधून गेलं. आणि प्रत्येक टेबल, प्रत्येक कपाट एकाच पट्टीवरून बेतलं गेलं.

ती पट्टी बाईंच्या बाकावर खिळ्याला टांगलेली असायची. अडीच-तीन फूट लांब, काळीभोर, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. तिच्यावर आकडे नव्हते, फक्त दोन खुणा. एक टेबलाच्या उंचीची आणि एक कपाटाच्या कप्प्याच्या रुंदीची. प्रत्येक वेळी टेपने मोजलं तर प्रत्येक वेळी केसाएवढी चूक होते. पट्टी लाकडावर आडवी ठेवली, खूण केली, की शंभर नग एकसारखे. मास्तर निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी पट्टी बाईंना दिली, त्यांना कोपऱ्यात बोलावून कानात काहीतरी सांगितलं, आणि गेले. काय सांगितलं ते बाईंनी कुणाला सांगितलं नाही. पुढे मास्तर वारले. ती गोष्ट बाईंच्या पोटातच राहिली.

एवढं झालं की मग ह्या वर्षाची गोष्ट सांगता येते.

वर्षाच्या सुरुवातीला कागद आला. सुतारकाम विभागाची उपयुक्तता तपासायला समिती नेमली आहे. विभागाने आपला इतिहास पाच पानांत सादर करावा. समितीचं समाधान झालं नाही तर यंदापासून नवी तुकडी घेतली जाणार नाही, आणि आहेत ती अकरा मुलं बाहेर पडली की शेडच्या जागी वाहनतळ होईल. मी कागद वाचला आणि बाह्या सरसावल्या. बाईंची नोकरी दोन वर्षांची राहिली होती. विभाग बंद झाला तरी त्यांना भांडारात बसवणार होते, पंख्याखाली. त्यांच्या नोकरीला धक्का नव्हता. मी तसं म्हणालेही, तर त्या म्हणाल्या, "माझं काय घेऊन बसलीस. मास्तरांनी मला दिलं ते मी कुणाच्या हातात ठेवू? वाहनतळाच्या?"

म्हणजे प्रश्न एवढाच होता. यंदा नवी तुकडी बसणार की नाही.

प्रभारी प्राध्यापकांनी इतिहास लिहायला वेळ नाही असं कळवलं, तेव्हा मीच लिहायला बसले. काय लिहिलं म्हणता, एखाद्या साम्राज्याचा इतिहास फिका पडावा. थोरल्या मास्तरांना मी जवळजवळ देवत्व दिलं. 'एका केसाचीही चूक नसलेली शेहेचाळीस वर्षं' असा मथळा दिला. बाईंना वाचून दाखवला. बाईंचा चेहरा असा झाला, जसा लाकूड कोरायची बोथट पटाशी चालताना ऐकून व्हायचा. म्हणाल्या, मथळा बदल. मी विचारलं का. म्हणाल्या, लांब आहे. मी बदलला नाही.

तेवढ्यात खणांचं प्रकरण झालं.

परीक्षा विभागात उत्तरपत्रिका ठेवायची सत्तावीस कपाटं आहेत, प्रत्येकात आठ खण, म्हणजे दोनशे सोळा. चाळीस वर्षांत खणांचे तळ झिजून उत्तरपत्रिका खालच्या खणात गळायला लागल्या होत्या. एकदा वरच्या खणातला नापास खालच्या खणातल्या पासांत सापडला. नवे खण करायचं काम खरं तर विभागाचं. पण कुलसचिव म्हणजे कारभाराची गाडी हाकणारा माणूस, आणि ह्या माणसाच्या डोक्यात वाहनतळ आधीच बांधून झाला होता. त्यांनी फाइलमधून मास्तरांच्या हातचा कपाटाचा नकाशा काढला, सुबक शाईत काढलेला, आणि बाहेरच्या कंत्राटदाराला दिला. कंत्राटदाराने नकाशाप्रमाणे दोनशे सोळा खण करून आणले आणि परीक्षा विभागाच्या बोळात छतापर्यंत रचले.

पहिला खण शिपायाने कपाटाला लावला. गेला नाही. त्याने दुसरा घेतला, तोही नाही. तिसरा त्याने गुडघ्याने रेटला, तर कपाट मागे सरकलं आणि खण होता तिथेच राहिला. दुसरं कपाट बघितलं, पाचवं बघितलं, शेवटचं बघितलं. दोनशे सोळा खण आणि एकही जाईना. बोळात गर्दी जमली. कुलसचिव धावत आले, कंत्राटदाराला बोलावणं गेलं. तो आला तो टेप आणि नकाशा घेऊनच. नकाशात कप्पा सोळा इंच. खण सोळाच्या कप्प्याला बरोबर. कप्पा मोजला, पंधरा. दुसरा मोजला, पंधरा. सगळे पंधरा. कंत्राटदार म्हणाला, मी कागदाप्रमाणे केलं, तुमचं कपाट तुम्ही कागदाप्रमाणे करायला हवं होतं. कुलसचिवांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण बाजारातून घ्यायची शिफारस त्यांचीच होती.

मला खोटं कशाला सांगू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

मग अभियांत्रिकीचे एक ज्येष्ठ प्राध्यापक आले. ह्याच विद्यापीठात शिकून इथेच मोठे झालेले, सुतारकाम विभागाचेही जुने विद्यार्थी. त्यांनी कपाटावरून हात फिरवला, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले की लाकूड आकसलं असणार. चाळीस वर्षं कोरडी हवा. त्यांनी उभ्या उभ्या अर्ध्या पानाचं टिपण लिहिलं, त्यात एक आलेखही काढला. कुलसचिवांचा जीव भांड्यात पडला. कुणाचीच चूक नाही. ना त्यांची, ना कंत्राटदाराची, ना विभागाची. हवेची चूक. फक्त विभागातल्या जाणत्या व्यक्तीने ह्या टिपणावर सही करावी, म्हणजे समितीपुढे ठेवता येईल. आणि जाणती व्यक्ती म्हणजे भांडार मदतनीस, हे बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघालं. त्यांनी मला बाजूला घेऊन हेही सुचवलं की सही झाली तर खण दुरुस्तीला विभागाकडेच येतील, आणि दुरुस्तीला विभाग हवा म्हटल्यावर समिती तरी काय बोलणार.

म्हणजे एका सहीत सगळं. तुकडीसुद्धा. मी रविवारी सकाळी टिपण घेऊन बाईंच्या घरी थडकले.

बाईंचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत त्यांनी स्वतः केलेलं जेवायचं टेबल. त्यांचे यजमान बसचालक होते, आता निवृत्त, सहा फुटांचा माणूस. ते मला बघून उठायला गेले आणि त्यांचा गुडघा टेबलाच्या कडेला आपटला. हे ते मी आले की दरवेळी करत. बाई दरवेळी म्हणत, "तुमचे गुडघेच मोठे." त्याही दिवशी म्हणाल्या.

मी टिपण पुढे ठेवलं. बाईंनी वाचलं, आलेख जरा लांब धरून बघितला, आणि कागद उलटा ठेवून दिला. म्हणाल्या, सही होणार नाही. मला वाटलं, पेन नाही. मी पेन दिलं. त्यांनी पेनही कागदावर ठेवलं.

मग त्यांनी थोरल्या मास्तरांनी कानात सांगितलेली गोष्ट सांगितली. मास्तरांकडे सुरुवातीला एकच लाकडी मोजपट्टी होती आणि तिचं टोक मोडलेलं होतं, पहिला इंच गेलेला. अशी पट्टी असली की सुतार शून्याऐवजी एकचा आकडा कडेला धरतो आणि शेवटी एक वाढवून खूण करतो. तीस हवेत तर एकतीसवर. हे कुठल्याही सुताराला झोपेतही जमतं. पण चाळीस टेबलांची घाई होती, खिडकीत मुलं उभी होती, मास्तर कुणाच्या तरी प्रश्नाला उत्तर देत होते, आणि एकवर धरून त्यांनी तीसवरच खूण केली. टेबलाची खूण एक इंच कमी, आणि तशीच कप्प्याची. कळलं तेव्हा चाळीसही टेबलं उभी होती. एक टेबल नीट केलं तर दालनात ते एकटंच इंचभर वर डोकावणार. म्हणून मास्तरांनी पट्टी तशीच ठेवली. पुढचं सगळं तिच्यावरूनच केलं, निदान एकमेकांशी तरी जुळावं. नकाशात मात्र खरं माप लिहिलं. बाई म्हणाल्या, "माणूस अभिमानी होता. कागदावर कमीपणा घेववला नाही."

आणि खुर्च्या बाजारातून आलेल्या, पूर्ण उंचीच्या, म्हणून लोकांचे गुडघे आपटायला लागले. लोक तक्रार घेऊन येत. मास्तर कारण न सांगता एक इंचाचे चार ठोकळे देत, टेबलाच्या चार पायांखाली ठेवायला. मागणी एवढी वाढली की त्यांनी नव्या मुलांना पहिला धडाच तो दिला.

बाईंचे यजमान उठले, ह्या वेळी जपून, आतून टेप घेऊन आले आणि टेबलाच्या पायाला लावला. एकोणतीस. त्यांनी टेप पुन्हा लावला. मग बाईंकडे बघून म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं तू मला सांगते आहेस की माझे गुडघे मोठे आहेत."

"केलं तेव्हा मलाही माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या.

"आणि कळल्यावर?"

बाईंनी टिपणाचा कागद टेबलाच्या कडेला नीट सरळ लावला. यजमान टेप गुंडाळून आत गेले आणि आतून बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज येत राहिला.

मला भान आलं तसा माझा पारा चढला. मी म्हणाले, ही गोष्ट बावीस काय, चव्वेचाळीस वर्षं पोटात ठेवा, पण ह्या आठवड्यात बाहेर काढू नका. समिती गुरुवारी बसते आहे. तिथे जाऊन आमचा संस्थापकच एकपासून मोजायला चुकला असं सांगितलं, तर शुक्रवारी सकाळी वाहनतळाची रेघ आखतील. लाकूड आकसलं तर आकसू दे. लाकूड काही उठून सांगणार नाही. मी आणखीही पुष्कळ बोलले. माणसाला वेळ कळली पाहिजे, असंही म्हणाले.

बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मास्तरांची चूक मी बावीस वर्षं झाकली, कारण तिने कुणाचं काही बिघडलं नाही. गुडघे सोड. पण लाकूड असं सत्तावीस कपाटांत मोजून एक इंच आकसत नाही, हे मी पोरांना पहिल्या महिन्यात शिकवते. आता सही केली तर नव्या तुकडीला काय शिकवू? आणि नसेल शिकवायचं, तर तुकडी हवी कशाला?"

मी टिपण उचललं आणि रागावून निघून आले.

गुरुवारी समिती मोठ्या सभागृहात बसली. लांब टेबल, पाच जण, मधे कुलगुरू, एका टोकाला कुलसचिव, दुसऱ्या टोकाला आलेखवाले प्राध्यापक. बाई नेहमीच्या कामाच्या कपड्यांत आल्या, खांद्यावर ढलपी चिकटलेली. हातात काळी पट्टी आणि खिशात चार ठोकळे. माझा इतिहास पाच जणांपुढे पाच प्रतींत पडलेला होता, 'एका केसाचीही चूक नसलेली शेहेचाळीस वर्षं', आणि मी भिंतीलगतच्या खुर्चीवर बसून तो मथळा कुठे लपवता येईल ते बघत होते.

बाईंनी सगळं सांगितलं. मोडकं टोक, एकचा आकडा, चाळीस टेबलं, नकाशा. कुठे मास्तरांना वाचवलं नाही आणि कुठे उगाच झोडपलंही नाही. टेबलं कशी बनली ते सांगावं इतक्या सरळ आवाजात. कुलसचिवांनी टोकून विचारलं की हे तुम्हाला बावीस वर्षं माहीत होतं आणि तुम्ही लपवलंत. बाई म्हणाल्या, हो. कुलसचिवांना पुढचा प्रश्न तयार ठेवायची सवय होती, पण तो प्रश्न 'नाही'ला धरून केलेला होता.

आलेखवाले प्राध्यापक हट्टाला पेटले. म्हणाले, सगळ्या टेबलांत दोष असता तर तो इतकी वर्षं दिसला नसता का. तेव्हा बाईंनी खिशातले ठोकळे काढून त्यांच्यापुढे एकावर एक रचले.

"सर, हे तुम्हीही केलेत. तुमच्या दुसऱ्या ठोकळ्याची एक कड खाली गेली होती, मास्तर सांगायचे. जरा टेबलाखाली बघता का?"

प्राध्यापक बघायला तयार नव्हते. कुलगुरू मात्र वाकले. चांगले खुर्चीतून उतरून वाकले. टेबलाखालून त्यांचा आवाज आला, इथे आहे एक. मग इथेही आहे. मग दुसरे सदस्य वाकले, मग तिसऱ्या सदस्या, आणि थोड्या वेळाने टेबलाच्या वर एकटे कुलसचिव उरले. प्राध्यापक सगळ्यात शेवटी खाली गेले आणि सगळ्यात उशिरा वर आले. त्यांच्या हातात एक ठोकळा होता, धुळीने काळा झालेला. त्यांनी तो रुमालाने पुसला, उलटा केला, कडेवरून बोट फिरवलं. मग आपलं अर्ध्या पानाचं टिपण घडी घालून खिशात टाकलं. म्हणाले, "कड खरंच खाली आहे."

मला वाटलं, जिंकलो. कसलं काय. सगळे हसले, पण हसून समितीचं समाधान होत नाही. कुलसचिवांनी मुद्दा धरला, की चूक सांगितली हे उत्तम, पण बोळात दोनशे सोळा खण पडले आहेत आणि पाच आठवड्यांवर परीक्षा आहे. आणि ह्या माणसाचं तोंड कितीही कडू असलं तरी हे बोलणं खोटं नव्हतं. कुलगुरूंनी बाईंना विचारलं, होईल का. बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाल्या, अकरा मुलं, रोज सात खण, एकतीस दिवस. चार दिवस हाताशी. मग ठरलं की आधी खण, मग तुकडीचं बघू.

खण इंचभर अरुंद करायचा म्हणजे नुसता कापायचा नाही. तो सोडवावा लागतो. बाजूच्या फळ्या तशाच राहतात, पण पुढची, मागची आणि तळाची, तिन्ही इंचाने कापायच्या, कापल्यावर टोकांचे सांधे नव्याने पाडायचे, पटाशीने साफ करायचे, पुन्हा जुळवायचे, सरस लावून आवळून ठेवायचे. असे दोनशे सोळा. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या दिवशी सातऐवजी तीन झाले आणि त्यातला एक वाकडा. बाईंनी दारातूनच सांगितला कुठला. तिसऱ्या दिवशी सात झाले. दुसऱ्या आठवड्यात आलेखवाले प्राध्यापक बाह्या दुमडून आले, म्हणाले मी जरा बघू का ओढून. बाईंनी त्यांना शेवटून दुसऱ्या बाकावर उभं केलं, आणि संध्याकाळी त्यांच्या बाकाखालच्या ढलप्या हातात घेऊन त्यांच्यादेखत दुसऱ्या पोत्यात टाकल्या. ते दुसऱ्या दिवशी आल्या आल्या आधी धार लावायला बसले.

मीही होते. मला त्यांनी झाडू दिला. संघटनेच्या सचिवाला. मी म्हणाले, हा काय न्याय. बाई म्हणाल्या, सुरुवात इथूनच असते. मी रागारागाने झाडलं, आणि चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मीही दोन पोती वेगळी भरते आहे.

शेवटचा खण चौतिसाव्या दिवशी बसला. बसवायला कुलसचिव स्वतः आले होते, कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी खण कप्प्याला लावला आणि एका बोटाने ढकलला. आत गेला. बाहेर ओढला, पुन्हा एका बोटाने ढकलला. असं त्यांनी चारपाच वेळा केलं. लहान मूल करतं तसं, आणि कुणी बघत नाही ना म्हणून मागे वळून बघितलं. अकरा मुलं, बाई आणि मी, आम्ही तेराजणं बघत होतो.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. यंदा तुकडी घ्यावी, बारा जागा, तूर्त एका वर्षासाठी. 'तूर्त' वाचून मी खवळले. मोर्च्याची भाषा करायला लागले. बाईंनी पत्र माझ्या हातातून घेतलं, शेडच्या दाराला खिळ्याने ठोकलं, आणि ठोकून झाल्यावर खिळ्याकडे मान तिरकी करून बघितलं, पत्र सरळ आहे ना. पत्राच्या वर, बाईंच्या नावाखाली त्यांच्या पदाचं नाव छापलं होतं. 'भांडार मदतनीस (शिकवणी)'. कंसात का होईना. बारावं पत्र मी अजून लिहिते आहे.

माझा इतिहासही मला परत मिळाला. मी मथळा खोडला. पहिलं वाक्य आता असं आहे, की ह्या विभागाची स्थापना मोडक्या टोकाच्या एका मोजपट्टीने झाली. बाईंनी वाचला, म्हणाल्या ठीक आहे.

नवी पट्टी बाईंनी केली, शून्यापासून मोजून, आणि जुनीच्या शेजारी टांगली. आता टेबल पूर्ण उंचीचं होणार. म्हणजे नव्या तुकडीने ठोकळे करायचं कारणच राहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी बारा मुलं-मुली बाकांशी उभी राहिली, आणि बाईंनी त्यांना दिलं काय, तर चार ठोकळे. एक इंच, सहाही बाजू काटकोनात. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "एक इंचाचेच का?"

शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. बाईंनी सगळ्यांना खाली बसवलं आणि अर्धा तास सांगितलं का ते.

त्या मुलीचे चार ठोकळे आठवड्याने तयार झाले. बाईंनी धक्का दिला, मनोरा पडला. नियमाप्रमाणे ते जळणात जायचे. बाईंनी ते पदरात बांधले आणि घरी नेले. यजमानांना म्हणाल्या, उठा, टेबल धरा. त्यांनी एकेक पाय उचलला, बाईंनी एकेक ठोकळा सरकवला. मग यजमान खुर्ची ओढून बसले, जरा घाबरतच. गुडघे आत गेले. काही आपटलं नाही. त्यांनी पाय हलवून बघितले, एक गुडघा दुसऱ्यावर टाकून बघितला, आणि टेबलावर कोपर टेकलं, तर टेबल डुगडुगलं.

"एक कड खाली आहे," बाई म्हणाल्या. "उद्या चांगले आणते."

"राहू दे," यजमान म्हणाले, आणि वर्तमानपत्राचा कोपरा फाडून त्याची घडी घालायला लागले.